शेजारची लहान तेलक्षेत्रे : एका क्षेत्रातील नवी विहीर दुसऱ्याविषयी नेमके काय सांगते?

भूस्तर (धागाकर्ता)

लहान तेलक्षेत्रांच्या पट्ट्यात एखाद्या ठिकाणी नवी विहीर खोदली गेली आणि तिच्यात तेल लागले, की शेजारच्या क्षेत्रांविषयी लगेच अंदाज बांधले जातात. नकाशावर दोन क्षेत्रांमध्ये जेमतेम तीन-चार किलोमीटरचे अंतर दिसते, दोन्हींच्या नोंदींत एकाच वाळूखडकाचे नाव असते, आणि त्यामुळे इकडचे यश तिकडेही लागू होईल असे वाटू लागते. कोरडी विहीर निघाली की याच्या उलट घडते आणि संपूर्ण पट्टाच निकामी ठरवला जातो. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत असे माझे ठाम मत आहे आणि त्याच कारणासाठी हा धागा काढला आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. लहान शेजारी क्षेत्रे जमिनीखाली बहुतेक वेळा एकमेकांपासून वेगळी असतात. जमिनीच्या वर मात्र ती एकाच व्यवहाराचे भाग असतात. रिग (विहीर खोदणारी यंत्रणा), पाइपलाइन, तेल-पाणी वेगळे करण्याचे केंद्र, खोदणारी माणसे या सगळ्या गोष्टी त्यांच्यात सामाईक असतात. खोदकामाच्या बातम्या वाचताना या दोन पातळ्यांची सरमिसळ होते. शेजारी खोदकाम वाढले, याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की रिग त्या भागात आलेली आहे.

जमिनीखालची बाजू आधी घेतो. तेल साठण्यासाठी चार गोष्टी जुळून याव्या लागतात : तेल निर्माण करणारा खडक, ते सामावून घेणारा सच्छिद्र खडक, त्यावर अभेद्य झाकण आणि तेल अडून राहील अशी रचना. शेजारी क्षेत्रांत पहिल्या दोन गोष्टी सहसा समान असतात, झाकणही अनेकदा तेच असते. रचना मात्र प्रत्येकाची स्वतंत्र असते. एकाचा घुमट (थरांचा उंचवटा) भ्रंशाने, म्हणजे थर सरकलेल्या भेगेने, कापलेला असतो, तर दुसऱ्याच्या वाळूचा थर एका बाजूला पातळ होत शेलमध्ये, म्हणजे चिकणमातीच्या घट्ट खडकात, विरून गेलेला असतो. शिवाय तेल खालून वर सरकताना वाटेतल्या रचना एकामागून एक भरत जातात. भूशास्त्रज्ञ गुसो यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले की अशा साखळीत सर्वांत खालची रचना वायूने भरू शकते, तिच्यातून बाहेर ढकललेले तेल वरच्या रचनेत जाते आणि त्याहून वरची रचना, तेल तिथवर न पोहोचल्यामुळे, नुसत्या पाण्याने भरलेली राहते. वायू, तेल आणि पाणी देणाऱ्या तीन शेजारी विहिरी एकाच खडकात, एकाच काळात भरलेल्या रचनांमध्ये असू शकतात. केवळ जवळ असल्यामुळे त्यांचे नशीब सारखे ठरत नाही.

जाणकारांनी यावर लिहावे. मतभेद असल्यास कारणांसह मांडावेत.

---

जिज्ञासू

धाग्याबद्दल आभार. मूळ मुद्दा पटला, पण एक शंका आहे. दोन क्षेत्रे जमिनीखाली जोडलेली आहेत की नाहीत, हे खात्रीने कळण्याचा मार्ग कोणता? भूकंपलहरींच्या सर्वेक्षणात भ्रंश दिसत असेल तर तेवढ्यावरून ती वेगळी आहेत असे म्हणता येईल का?

---

दाबरेषा

जिज्ञासू, सर्वेक्षणात दिसणारा भ्रंश हा पुरावा अपुरा आहे. काही भ्रंशांत शेलचा लेप पसरून ते पक्के बंद होतात, तर काही भ्रंश वाळूला वाळू भिडवतात आणि त्यांतून तेल-पाणी सहज ये-जा करते. खरा निवाडा दाब करतो.

विहीर खोदून झाली की केसिंग (भिंतीला आधार देणारी पोलादी नळी) बसवण्याआधी उघड्या भोकात एक उपकरण तारेने खाली सोडतात. ते भिंतीला टेकते, खडकातून थोडा द्रव ओढते, मग थांबते आणि दाब स्थिर होईपर्यंत वाट पाहते. असे दहा-पंधरा खोलींवर केले जाते. हे आकडे आलेखावर मांडले, एका अक्षावर खोली आणि दुसऱ्यावर दाब घेतला, की बिंदू सरळ रेषेत बसतात. रेषेचा उतार द्रवाची घनता सांगतो. पाण्यात दर मीटरला साधारण ०.१ किलो प्रति चौरस सेंटीमीटर इतका दाब वाढतो, ०.८ घनतेच्या तेलात ०.०८ आणि वायूत त्याहून कितीतरी कमी. दोन उतार जिथे छेदतात, तिथे तेल-पाण्याची सीमा असते, मग ती विहिरीत प्रत्यक्ष भेदली गेलेली असो वा नसो.

आता शेजारच्या क्षेत्रातील विहिरीचे बिंदू याच आलेखावर मांडावेत. समजा पहिल्या क्षेत्रात १५०० मीटर खोलीवर मूळ दाब १५२ होता. दुसऱ्या क्षेत्रात १५२० मीटरवर तेच तेल सलग असेल, तर तिथला मूळ दाब १५३.६ च्या आसपास यायला हवा. उत्पादन सुरू होण्यापूर्वीच तो १६० आला, तर मध्ये अडथळा आहे यात शंका राहत नाही.

याहून बोलका पुरावा उत्पादन सुरू झाल्यानंतर मिळतो. पहिल्या क्षेत्रातून दहा वर्षे तेल काढले गेले आणि त्यानंतर दुसऱ्या क्षेत्रात खोदलेल्या पहिल्याच विहिरीत दाब मूळच्यापेक्षा बराच कमी सापडला, तर त्या क्षेत्राला कोणी हात न लावताही त्याचा दाब शेजाऱ्याने खाल्लेला आहे. उलट, मूळ दाब जसाच्या तसा सापडला तर ती दोन क्षेत्रे, निदान उत्पादनाच्या काळापुरती, वेगळी मानावीत. ‘उत्पादनाच्या काळापुरती’ हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. लाखो वर्षांत दाब समान होऊ देणारा भ्रंशसुद्धा वीस वर्षांच्या उत्पादनात बंद दरवाजासारखा वागू शकतो. त्यामुळे मूळ दाब एका रेषेत आले म्हणून जोडणी मोकळी आहे असे समजू नये.

---

भूस्तर

दाबरेषा, आपण फार महत्त्वाचा भेद स्पष्ट केलात. त्याला एक पुस्ती जोडतो. तेल वेगळे असूनही खालचे पाणी एक असू शकते. उत्तर समुद्रातील फ्रिग हे मोठे वायूक्षेत्र १९७१ मध्ये सापडले आणि १९७७ पासून त्यातून उत्पादन सुरू झाले. त्याच्या आसपास नॉर्थ ईस्ट फ्रिग, ओडिन आणि ईस्ट फ्रिग ही लहान क्षेत्रे होती आणि ती १९८० च्या दशकात एकामागून एक उत्पादनाखाली आली. प्रत्येकाचा वायूसाठा वेगळ्या उंचवट्यात होता, पण खालचा जलधर, म्हणजे पाण्याने भरलेला थर, सामाईक होता. मोठ्या क्षेत्रातून वायू काढला गेल्यावर जलधराचा दाब घसरतो आणि त्याची झळ लहान शेजाऱ्यांना लागते. म्हणून ‘वेगळी’ आणि ‘जोडलेली’ असे दोनच कप्पे करणे पुरेसे नाही; कशाने जोडलेली, हेही विचारावे लागते.

---

डेरिकवाला

मी काही काळ रिगवर मड लॉगिंगचे, म्हणजे खोदताना विहिरीत फिरवल्या जाणाऱ्या चिखलासारख्या द्रवाबरोबर (मड) वर येणारे तुकडे तपासण्याचे, काम केलेले आहे, त्यामुळे आपण मांडलेल्या गोष्टींची खोदकामाच्या बाजूने काय किंमत मोजावी लागते, ते सांगावेसे वाटते.

शेजाऱ्याने दाब खाल्लेल्या थरातून खोदणे हे नव्या क्षेत्रात खोदण्यापेक्षा पुष्कळदा अवघड असते. बाहेरच्या माणसाला याच्या उलट वाटते, कारण ‘ओळखीचा भाग आहे’ असा समज असतो. अडचण अशी असते की वरचे शेलचे थर कोसळू नयेत म्हणून मड जड ठेवावा लागतो आणि खालचा रिकामा झालेला वाळूखडक तोच जड मड सहन करत नाही. समजा १५०० मीटरवर थराचा दाब १५० वरून ९० पर्यंत उतरलेला आहे आणि मडची घनता १.१ आहे. मडच्या स्तंभाचा दाब तिथे १६५ होतो, म्हणजे फरक ७५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर. ड्रिल कॉलर (खोदणाऱ्या पाइपचा खालचा जड भाग) क्षणभर स्थिर राहिला आणि १० सेंटीमीटर रुंद, ५ मीटर लांब अशा पट्टीत भिंतीला टेकला, तर त्याला भिंतीवर दाबून धरणारे बल ३७५ टन भरते. घर्षणांक ०.२ धरला तरी तो सोडवायला, पाइपच्या स्वतःच्या वजनाव्यतिरिक्त, ७५ टनांची ओढ लागते. पाइप अडकतो तो असा. तो सुटला नाही तर खालचा भाग कापून सोडून द्यावा लागतो आणि बाजूने नवे भोक काढावे लागते. दुसरा धोका मड थरात निघून जाण्याचा. मड गेला, स्तंभाची उंची घटली, की वरचा एखादा वायूचा थर आत शिरू शकतो. तोटा खालच्या थरात होतो आणि उसळी वरच्या थरातून येते.

म्हणून मधल्या केसिंगचा बूट (खालचे टोक) रिकाम्या थराच्या नेमका वर बसवणे, त्याखाली हलका मड वापरणे आणि पाइप स्थिर न ठेवणे, या गोष्टी ठरवण्यासाठी शेजारच्या क्षेत्रातील दाबाची ताजी नोंद हाती असावी लागते. शेजारी दुसऱ्या कंपनीचा असेल आणि ती नोंद मिळत नसेल, तर विहीर आंधळेपणाने आखावी लागते. लहान क्षेत्रांच्या पट्ट्यात माहितीची देवाणघेवाण हा केवळ सौजन्याचा विषय नाही, सुरक्षिततेचा आहे, हे मला आग्रहाने नोंदवायचे आहे.

---

जिज्ञासू

डेरिकवाला, मड लॉगिंगचा उल्लेख आपण केलात म्हणून विचारतो. तेल लागल्याची पहिली खूण आपल्याला कशी दिसते? ‘तेलाच्या खुणा आढळल्या’ असे वाक्य बातम्यांत सतत येते आणि त्यावरूनच शेजारच्या क्षेत्रांविषयी बोलले जाते.

---

डेरिकवाला

मडबरोबर खडकाचे तुकडे वर येतात आणि शेल शेकर या हलत्या चाळणीच्या जाळीवर वेगळे होतात. तळापासून वर यायला त्यांना लागणारा वेळ धरून ते कोणत्या खोलीचे आहेत हे ठरवतात. हा वेळ चुकीचा धरला तर पुढचे सगळे चुकते. तुकडे धुऊन, चाळून, काळ्या पेटीत अतिनील दिव्याखाली धरले जातात. तेल असेल तर ते चमकते : हलके तेल निळसर पांढरे, मध्यम तेल पिवळसर, जड तेल तपकिरीकडे झुकणारे. पण चमक दिसली म्हणजे काम झाले असे नाही. काही चुनखडकांची खनिजेही चमकतात आणि पाइपच्या जोडांना लावलेले ग्रीसही चमकते. म्हणून एक तुकडा उचलून त्यावर द्रावकाचा थेंब सोडतात. खनिजाची चमक जागची हलत नाही. तेल असेल तर तुकड्याच्या कडेने दुधी धाग्यासारखी रेघ द्रावकात उतरू लागते. ती किती वेगाने उतरते, यावरून तेल किती सहज वाहणारे आहे याचा पहिला अंदाज येतो.

एवढे करूनही ती खूणच असते. पूर्वी तेल असलेल्या आणि पुढे गळून गेलेल्या रचनेतही अशीच चमक मिळते. लॉगिंग (विहिरीत उपकरणे सोडून खडकांची नोंद घेणे), दाबाचे मोजमाप आणि प्रत्यक्ष चाचणी झाल्याशिवाय मी स्वतः खुणेवर विश्वास ठेवत नाही.

---

इतिहासप्रेमी

मूळ लेखात लहान क्षेत्रे बहुतेक वेळा वेगळी असतात असे म्हटले आहे. त्याला तोलून धरणारे एक उदाहरण द्यावेसे वाटते, कारण तिथे नेमके उलट घडले होते.

ऑक्टोबर १९३० मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्याच्या पूर्व भागात डेझी ब्रॅडफर्ड क्रमांक ३ या विहिरीत तेल लागले. डिसेंबरमध्ये तिच्या उत्तरेला कित्येक मैलांवर किलगोरजवळ दुसरी विहीर यशस्वी झाली आणि जानेवारी १९३१ मध्ये आणखी उत्तरेला तिसरी. त्या वेळी ही तीन स्वतंत्र तेलक्षेत्रे आहेत असे अनेकांना वाटले. अंतरे पाहता ते स्वाभाविक होते. पुढे मधल्या जागेतल्या विहिरींतही तेल लागत गेले आणि वुडबाइन वाळूखडकातील ते सुमारे ७० किलोमीटर लांबीचे एकच क्षेत्र असल्याचे उघड झाले. तिथे उंचवटा नव्हताच. पश्चिमेकडून वर चढत आलेला वाळूचा थर पूर्वेला झिजून संपत होता आणि त्या कडेला तेल अडलेले होते. घुमट शोधणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी त्या भागाकडे फारसे लक्ष दिले नव्हते, त्याचेही कारण हेच.

याचा पुढचा भाग या धाग्याच्या विषयाला थेट भिडतो. अमेरिकेत तेव्हा ‘ज्याने काढले त्याचे’ हा नियम होता. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्ये तेल आणि वायूला कुंपण ओलांडून जाणाऱ्या रानटी प्राण्यांची उपमा दिली होती : जमिनीत आहे तोवर तुमचे, शेजाऱ्याच्या विहिरीत गेले की त्याचे. परिणामी प्रत्येक भूखंडधारक हद्दीला लागून विहीर खोदू लागला आणि शेजाऱ्याला समोर दुसरी खोदणे भाग पडले. त्या एका क्षेत्रात एकंदर ३० हजारांहून अधिक विहिरी खोदल्या गेल्या. गरजेपेक्षा त्या कितीतरी जास्त होत्या. दाब घसरू लागला, ऑगस्ट १९३१ मध्ये राज्यपालांना उत्पादन थांबवण्यासाठी सैनिक पाठवावे लागले, आणि पुढे उत्पादनाचे वाटे ठरवून देण्याचे नियम रुजले. खालचे खारे पाणी पुन्हा थरात सोडण्याची व्यवस्थाही १९४० च्या दशकात उभी राहिली आणि तिने त्या क्षेत्राचे आयुष्य वाढवले.

---

भूस्तर

इतिहासप्रेमी, उदाहरण अगदी योग्य आहे आणि ‘बहुतेक वेळा’ या शब्दांचे महत्त्व त्यातून कळते. क्षेत्र एक असून मालक अनेक असतील, तर खोदकामाचा वेग भूशास्त्र ठरवत नाही, हद्द ठरवते. त्यावरचा प्रामाणिक उपाय म्हणजे संपूर्ण साठा एकच धरून तो एका चालकाच्या हाती देणे आणि उत्पन्नाची वाटणी साठ्यातील हिश्शानुसार करणे. वर उल्लेखलेले फ्रिग क्षेत्र नॉर्वे आणि ब्रिटन यांच्या सागरी सीमेवर पसरलेले होते. दोन्ही देशांनी १९७६ मध्ये करार करून सुमारे ६१ टक्के वाटा नॉर्वेचा आणि उरलेला ब्रिटनचा असे ठरवले. दोन देशांना जे जमते, ते दोन शेजारी परवानाधारकांना जमायला हरकत नसावी.

---

पाइपलाइन

जमिनीवरच्या बाजूविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहीत आहे. माझ्या मते लहान क्षेत्रांचे जगणे-मरणे तिथेच ठरते.

एकट्या लहान क्षेत्रासाठी स्वतंत्र केंद्र उभारणे परवडत नाही. चार क्षेत्रे एकत्र आली तर परवडते. नॉर्वेच्या अल्व्हहाइम क्षेत्रात २००८ पासून एक तरंगते उत्पादन-जहाज काम करते. त्याच वर्षी विल्ये हे क्षेत्र त्याला जोडले गेले, त्यानंतर व्होलुंड, २०१५ मध्ये ब्योइला आणि २०२० मध्ये स्कोगुल. यांतले एखादे क्षेत्र एकटे असते, तर कदाचित कधीच उत्पादनाखाली आले नसते. भारतातही शोध लागून पडून राहिलेल्या लहान क्षेत्रांसाठी २०१५ मध्ये वेगळे धोरण आले आणि २०१६ च्या पहिल्या फेरीत ६७ क्षेत्रे ४६ करारक्षेत्रांत गुंफून देऊ केली गेली. गुंफण्यामागचा तर्क हाच.

रिगचेही तसेच आहे. रिग उतरवणे, ट्रेलरवर लादणे, नव्या जागी उभी करणे यात जाणारे दिवस हे खोदकाम न होणारे दिवस असतात आणि त्यांचेही पैसे द्यावे लागतात. उथळ विहिरीत हा वाटा मोठा असतो. त्यामुळे रिग एकदा पट्ट्यात आली की तीन क्षेत्रांतील पाच-सहा विहिरी सलग खोदून घेतल्या जातात आणि मग दीर्घ काळ काहीच होत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला पहिल्या टप्प्यात तेजी दिसते आणि दुसऱ्यात मंदी. प्रत्यक्षात ते एकाच रिगचे वेळापत्रक असते.

एक सूचनाही करतो. एका केंद्रात अनेक क्षेत्रांचे तेल येते, तेव्हा त्याचा स्वभाव जुळायला हवा. गुजरातमधील मेहसाणा परिसरात बलोल, संथाल, लाणवा ही जड तेलाची क्षेत्रे उत्तर-दक्षिण पट्ट्यात शेजारी शेजारी आहेत. तेल साधारण १००० मीटर खोलीवर आहे, पण त्याचा दाटपणा क्षेत्रागणिक बदलतो. लाणवाचे तेल अधिक दाट आहे. बलोल आणि संथालमध्ये १९९० च्या दशकात थरात हवा सोडून काही तेल जागीच जाळण्याची आणि त्या उष्णतेने व वायूंनी उरलेले तेल पुढे ढकलण्याची पद्धत व्यापारी पातळीवर राबवली गेली. त्याच भागात हलक्या तेलाचीही क्षेत्रे आहेत आणि त्यांना हा उपचार लागत नाही. शेजारच्या क्षेत्रात यशस्वी झालेली पद्धत उचलून आपल्याकडे आणण्यापूर्वी तेलाचा नमुना तपासलेला बरा.

---

जिज्ञासू

सर्वांचे मनापासून आभार. शेवटची विचारणा करतो. शेजारच्या क्षेत्रातील विहिरीचा अहवाल हाती आला, त्यात चाचणीचा दैनिक आकडा मोठा आहे, तर त्यात कुठे पाहावे? आणि विहीर कोरडी निघाली असेल, तर कुठे पाहावे?

---

दाबरेषा

मोठ्या आकड्याच्या बाबतीत तीन गोष्टी पाहाव्यात : चाचणी किती तास चालली, चोक (विहिरीच्या तोंडावरची प्रवाह आवरणारी झडप) किती उघडा होता आणि त्या काळात विहिरीच्या तोंडावरचा दाब टिकला की घसरला. लहान साठ्याचा स्वभाव असा असतो की पहिल्या दिवशी तो मोठ्यासारखाच वाहतो. विहीर बंद केल्यावर दाब पूर्ववत झाला नाही, थोड्याशा उत्पादनानेच कायमचा खाली बसला, तर साठा आटोपशीर आहे हे तिथेच कळते. उत्पादनाचा दैनिक आकडा हे सांगत नाही. दाब पुन्हा चढण्याची वक्ररेषा सांगते. तेलाबरोबर पाणी किती आले याचीही नोंद पाहावी, आणि तेलाच्या पातळ थराखाली पाणी असेल तर जास्त चोक उघडल्याने ते विहिरीभोवती शंकूसारखे वर ओढले गेले का, हेही.

---

भूस्तर

कोरड्या विहिरीविषयी मी लिहितो. ‘कोरडी’ हा निकाल आहे, कारण नव्हे, आणि शेजाऱ्याच्या दृष्टीने महत्त्व कारणालाच असते. वाळूखडक होता, सच्छिद्र होता, पण निव्वळ पाण्याने भरलेला होता आणि तेलाची एकही खूण नव्हती, तर तेल त्या वाटेने आलेच नसावे. अशा वेळी त्याच वाटेवर पुढे असलेल्या, म्हणजे चढाच्या दिशेच्या रचनांविषयी चिंता करावी, उताराकडच्या रचनांविषयी नव्हे. वाळूखडकच नव्हता, त्याच्या जागी शेल निघाला, तर थर नेमका कोणत्या दिशेला विरतो हे नव्याने रेखाटावे लागते. शेजारच्या क्षेत्राला हीच कड झाकणासारखी उपयोगी पडण्याचीही शक्यता असते. आणि वाळूत तेलाच्या जुन्या खुणा असून वाहणारे तेल नसेल, तर रचना भरली होती आणि पुढे गळाली. तेव्हा ती कोणत्या भ्रंशाने गळाली आणि तो भ्रंश आपल्या क्षेत्रालाही कापतो का, हे सर्वांत आधी तपासावे. तो कापत नसेल, तर गळालेले तेल चढाच्या बाजूच्या रचनेत गेलेले असू शकते. अशा कोरड्या विहिरीनंतर मी शेजारच्या क्षेत्राची आशा सोडणार नाही. दोन्ही क्षेत्रांच्या सर्वेक्षणाच्या रेषा जोडून त्या भ्रंशाचा शेवटपर्यंत मागोवा घेईन.